चादरीचं दुसरं टोक

(पोर्तो. इस्पितळांच्या कपड्यांची धुलाई, रात्रपाळी सुटताना.)

या किल्ल्या.
ती पितळेची मोठी कशालाच लागत नाही,
पण जुडग्यातून काढू नकोस;
तिच्या वजनाने बाकीच्या सापडतात.

बस, ग्रासिंदा. कॉफी निवतेय.
नदीवरचं धुकं अजून उठायचंय, म्हणजे
पहिली गाडी उशिरा येणार. तेवढ्यात सांगते.

रजेचा तक्ता पेन्सिलीने लिहीत जा.
पेनाने लिहिलेल्या तक्त्यात कोणी आजारी पडत नाही,
पोरांना गोवर येत नाही, कोणाची आई मरत नाही,
आणि मग चांगली माणसंही थापा मारायला शिकतात.

फाउस्टिनो मंगळवारी उशिरा येतो. येऊ दे.
विचारलंस तर कारण सांगेल,
ते खरं नसेल,
आणि त्याला तुझ्याशी खोटं बोलावं लागलं
एवढंच तुम्हा दोघांत उरेल.
(मंगळवारचं काम तो बुधवारी फेडतो. मी मोजलंय. तू मोजू नकोस.)

देओलिंदाचं कौतुक चारचौघांत नको, तिला पोळतं.
चिठ्ठी लिही. ती चिठ्ठ्या एप्रनच्या खिशात ठेवते
आणि कधीकधी त्याही धुतल्या जातात.

लिस्बनचं. सगळ्यांना वाटतं मी गेलेच नाही.
गेले होते. अकरा आठवडे.
काचेची खोली, फिरती खुर्ची,
पडद्यावर आपल्याच चादरी, आकडे होऊन आलेल्या.
एकाही आकड्याला डाग नव्हता.
परतले तेव्हा बहीण म्हणाली, पायरी उतरलीस.
म्हटलं, माझ्या गुडघ्यांना उतरणच मानवते.
पण तुला बोलावलं तर माझ्याकडे बघून ठरवू नकोस.
जाऊन बघ.
तुझे गुडघे वेगळे आहेत.

आता ते एक.

नोटीस बोर्डावर जे लागेल ते
पाळी सुरू होताना मोठ्याने वाचायचं.
अगदी 'पाणी दोन ते चार बंद' हेसुद्धा.
घसा मोकळा करते म्हण, काहीही म्हण.
हसतील. हसू दे.
कोणासाठी, ते विचारायचं नाही.

एका हिवाळ्यात बालविभागाच्या लोकरी शाली
नव्वद अंशांवर उकळल्या गेल्या.
बाहुल्यांना पुरतील एवढ्या होऊन निघाल्या, एकशे चाळीस.
मशीनच्या दारावर कागद मीच चिकटवला होता: तीस.
मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.
डोळे फुटले होते का, म्हणाले.
तो शालीकडे बघत राहिला.
पगारातून कापा, एवढंच बोलला.
कापले.

चार वर्षांनी बसथांब्यावर
त्याने खिशातून पाकीट काढलं, मुलीचं, लक्झेंबर्गहून आलेलं.
म्हणाला, बाई, जरा वाचता का, उजेड कमी आहे.
दुपारचे बारा वाजले होते.

वाचलं. नात झाली होती.
वजन किती, ते पुन्हा वाचायला लावलं.
माफी ओठांपर्यंत आली होती;
मागितली असती तर त्याने आयुष्यभर झाकलेलं
मीच उघड्यावर मांडलं असतं, दुसऱ्यांदा.
गिळली. बस आली.

दुसऱ्या दिवसापासून वाचते आहे. एकवीस वर्षं.
तो आता इथे असेल, नसेल.
त्याच्यासारखा कोणीतरी असतोच,
मान डोलावणारा, कागदाकडे न बघणारा.
माझं कर्ज आहे, हप्त्याने फेडतेय;
आजपासून तुझ्या नावावर.

ऊठ, हॉर्न वाजला.
ही मोठ्या पलंगाची, घे ते टोक.
ओढ. एवढं नको, माझ्या हातून सुटेल.
एवढं सैलही नको.
हां.
आता चालत ये माझ्याकडे.