शेवटची फेरी चुकली तर

दापोलीला डोळे दाखवायला जायचं,
तर कुमुदची तयारी आदल्या रात्रीपासून.
फेरीबोट बंद असली तर चिपळूणवरून एसटी,
एसटी नसली तर बावकरांचा टेम्पो,
टेम्पोत मासळी असणार, म्हणून बसायला जुनी चादर.
छत्री. लख्ख ऊन असलं तरी छत्री.
सुट्टे पैसे दोन ठिकाणी.
एक डबा दुपारचा, एक अडकलो तर.

आणि दाभोळच्या खैरुनबीला फोन :
शेवटची फेरी चुकली तर तुझ्याकडे गं.

अकरा वर्षांत चुकली नाही.
धोपाव्याला उतरून दुसरा डबा आम्ही
जेटीवरच संपवतो, गार,
काहीच न बिघडल्याच्या किंचित रागात.

परवा खैरुनबीचा नातू बंदरावर भेटला.
म्हणाला, दादी दर खेपेला
चार भाकऱ्या जास्त थापते,
गादीला ऊन दाखवते,
भोंगा वाजेपर्यंत पडवीतला दिवा मालवू देत नाही.
मग म्हणते, गेले वाटतं.

भोंगा वाजला.
मी म्हटलं, चल, रॅम्प उचलतायत.
कुमुद खाली वाकून
चपलेचा पट्टा लावत बसली.

पट्टा लागलेलाच होता.