शंभर बाय शंभर

राजारामपुरी आठव्या गल्लीत तासाला पंधरा रुपये.
दोन संध्याकाळी गेल्या गिंप उतरवून घ्यायला.
फुकटचं सॉफ्टवेअर, पंचेचाळीस रुपयांना पडलं.
पेन ड्राइव्ह गळ्यात बांधून घरी आलो.

उघडताना पडद्यावर एक जनावर येतं
तोंडात ब्रश धरलेलं.
अप्पा मागं बशीत चहा ओतत होते.
"कोल्हा हाय का कुत्रं?
कायबी असू दे, गडी पेंटर हाय.
दोन्ही हातांनी परांची धरल्याबिगर
ब्रश कुणी दातात घेत न्हाई."

मी तेव्हा पोरांना तोंडं करून द्यायचो.
शंभर बाय शंभर ठिपके, त्याच्यापुढं जागा नाही.
अस्लम शिकलगारला स्वतःच्या नाकावर
वाघाचे डोळे हवे होते.
हिंदुरावला पेठेच्या संघाचे पट्टे
आणि पट्टे फाडून बाहेर येणारा बूट.
नावाच्या लांबट पट्ट्या वेगळ्या:
अक्षराला आतून जाळ, बाहेरून सावली.
सगळ्यांनाच जाळ लागायचा.
हिशोब वड्यावर.
एकटी सुलभा म्हणाली, चेहरा नको,
माझी सायकल टाक नुसती.
दहाची नोट ठेवून गेली, घडी न मोडलेली.

अप्पांनी टॉकीजवरच्या बाईच्या
एका पापणीला अर्धा डबा काळा संपवलेला.
"नखावर नांगर धरलास की रं,"
म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसलेच.

मी आठशे टक्के मोठं करून
वाघाची बुबुळं वीट वीट रचत होतो.
"मागं सर.
चार पावलं मागं सरल्याबिगर चित्र कळत न्हाई."
खोली तीन पावलांची.
कॉटवर आपटलो, तिथनं पाहिलं
तर अस्लम हुबेहूब त्याच्या आईसारखा दिसत होता.

मग कडा पुसायला घेतल्या.
पुसलं की खाली करड्या-पांढऱ्या चौकटी.
"ही फरशी कुठली?"
फरशी नव्हे अप्पा, इथं काही नाही
हे कळावं म्हणून ती खूण.
बशीतला चहा निवला तरी ते बघत होते.
"काय न्हाई, ते बी रंगवायला लागतंय तर."

फ्लेक्स आला त्याला तेव्हा चार वर्षं झालेली.
डबे माळ्यावर, टर्पेंटाइनचा वास तेवढा
पावसाळी हवेत खाली उतरायचा.

"सही कुठं करतोस?"
करत नाही म्हटलं. जागा कुठाय.
त्यांनी माउस हातात घेतला
साबणाची ओली वडी धरावी तसा.
डाव्या हाताची मूठ उजव्या मनगटाखाली लावली,
काठी नाही म्हणून.
पेंटर ज्ञानू.
बोर्डावर त्या 'नू'ची शेपूट
मंगळवार पेठेपर्यंत जायची.
इथं ती दोनदा तुटली,
टेकडीवरून घसरल्यासारखी खाली गेली.
मी कंट्रोल झेड दाबणार,
त्यांनी मनगट धरलं.
"चिंधीनं पुसायचो मी बी. पर डाग ऱ्हायचा.
तुझं ह्ये डाग बी ठेवत न्हाई?"

नाही ठेवत.

तो थर मी पुसला नाही.
त्याच्यासमोरचा डोळा मिटला फक्त.
पुढं प्रत्येक फाइल त्याच फाइलवरून काढली:
कुणाचा वाघ, कुणाचा बूट, कुणाच्या लग्नाची पत्रिका,
गुजरीतल्या तीन सराफांच्या पेट्यांवरची कमळं,
सगळ्यात खाली, डोळा मिटून, अप्पा.

बाहेर पाठवताना थर सपाट होतात,
मिटलेले गळतात.
गिऱ्हाइकाकडं पोचतं ते नुसतं कमळ.

काल मुलगी शेजारी बसली होती.
यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली,
इथं डोळा का नाही?
उघडून बघ म्हटलं.
तिनं उघडला.
बराच वेळ मान तिरकी करून वाचत होती.
मग म्हणाली,
ह्यांचा हात हलला वाटतं,
आणि खुर्ची मागं सारली.