राखाडी ठिपके

चांगाम्वेच्या ऑफिसात पंखा आहे, वारा नाही.
माझ्या पडद्यावर दोनशे बारा ट्रक,
भरलेले हिरवे, रिकामे राखाडी.
पूर्वी संध्याकाळी नकाशा
विझलेल्या चुलीसारखा दिसायचा.
कंपालाला माल टाकून
सगळे हात हलवत परत.
अकराशे किलोमीटर नुसती हवा वाहायची,
तीही ताडपत्री घट्ट बांधून.

मी वोईची. हमरस्त्याच्या कडेची.
आई घायपाताच्या मळ्यात पानं कापायची
आणि चर्चला जायचा पांढरा झगा
घराच्या मागच्या अंगाला वाळत घालायची.
पुढे घातला तर दुपारपर्यंत
त्याच्यावर ट्रकांची सही.
भरलेला कुठला, रिकामा कुठला,
झग्याला काय कळणार?

म्हणून हे यंत्र आलं तेव्हा मी खूश झाले, लपवत नाही.
रात्रभर जागतं, चहा मागत नाही.
केरिचोत चहाची खोकी पडून आहेत, म्बालेत कॉफी,
कुठला ट्रक कुठे मोकळा होणार
हे ड्रायव्हरच्या आधी याला ठाऊक.
मारियाकानीच्या वजनकाट्यावरची रांग कधी ओसरेल,
तोवर इंजिन बंद करून कुठे थांबावं,
सगळं सांगतं.
शिव्या खातं, देत नाही.
आठ महिन्यांत राखाडी ठिपके तिसऱ्या हिश्शावर आले.
साहेबांनी भिंतीवर आलेख लावला,
जो धूर झालाच नाही, त्याचा.
कधीकधी मी त्याच्यासमोर उभी राहते.
न झालेल्या गोष्टीचं वजन
कुठल्या काट्यावर करतात?

मग गुरुवारी सिमियूचा फोन.
"म्घोई, तक्रार नाही.
परतीचं भाडं मिळतं, खिसा बरा आहे.
फक्त तुझं यंत्र मला बुसियावरून किसुमूला काढतं.
मी मलाबावरून यायचो.
रिकामा असलो की कोणी विचारायचं नाही,
कुठे थांबलास, किती वेळ.
वेबुयेला रस्त्यालगत घर आहे माझं.
धाकटी चाकांवर पाणी मारायची,
ट्रकला आंघोळ घालते म्हणायची.
तीन महिने झाले. चाकं तशीच आहेत."
मग थोडा वेळ नुसती घरघर.
"बंद करतो," म्हणाला, "उगाच जळतंय."
आणि इंजिन बंद केलं. फोन नाही.

म्हणजे त्या राखाडी ठिपक्यात
एक पोर उभी होती, हातात पाण्याचा मग घेऊन,
आणि मी तिला हिरवं करत बसले होते.

मी रस्ता बदलला: वेबुयेवरून, तीन तास थांबा.
यंत्र रागावलं नाही, त्याला ते येत नाही.
सतरा लिटर डिझेल जास्त, म्हणालं.
पंचेचाळीस किलो कार्बन.
कारण निवडा:
पंक्चर. वजनकाटा. सीमा. पूर. इतर.

पंचेचाळीस किलो म्हणजे किती झगे, आई?
खोटं कशाला बोलू, बोट थांबलं.
म्टिटो आंदेईला मुक्कामाला असलेल्या तिघांना फोन केले:
झोपताना तरी इंजिन बंद ठेवा, बाबांनो.
एक हो म्हणाला.
दुसरा म्हणाला, डास तू येऊन मार.
तिसऱ्याने उचललाच नाही.
सतरा लिटर काही भरून निघाले नाहीत.
चार-पाच निघाले असतील, फार तर.

मी 'इतर' दाबलं.
खाली एक रिकामी चौकट उघडली,
तिच्यात चाळीस अक्षरं मावतात.
लिहिलं: चाकं धुवायची आहेत.

यंत्राने क्षणभर विचार केला, किंवा केल्यासारखं दाखवलं,
आणि ती नोंद 'देखभाल' या खात्यात टाकली.

बरोबरच आहे म्हणा.