टाच

आधी करंज्याला जाऊन फायबरची पाहिली.
शेडमध्ये पाच उभ्या, पाची निळ्या,
आतून अजून उग्र वास मारणाऱ्या.
विकणारा पोरगा कॅल्क्युलेटरवर बोट आपटत म्हणाला,
मावशी, हिला काही म्हणजे काही करावं लागत नाही.
मी तिच्या कुशीवर थाप मारली.
रिकाम्या पिंपासारखी बोलली.
एक लाख साठ हजार. मशीन वेगळं.

मग सारसोळ्याला, जेट्टीच्या चिखलात
कुशीवर कललेली हसुराम तांडेलची लाकडी.
अकरा हात. फळ्या सागाच्या, वांक फणसाचे.
"नीट बघ होरी," तो म्हणाला, "मागनं तोंड वाजवू नको."

बघितली.
वीस वर्षं गुडघाभर चिखलात निवट्या धरल्यात मी,
दुसऱ्यांच्या होडीत निम्म्या वाट्यानं बसलेय,
मला कोण काय दाखवणार?
सुरीचं टोक फळीफळीत दाबत गेले,
मऊ लागलं तिथं दोनदा.
खिळ्यांची डोकी नखानं खरवडली : तांब्याची.
नाळेत वाकून वास घेतला.
कुजक्या लाकडाचा वास लपत नाही,
वरून कितीही डांबर थापा.
प्रीतेशला, भाच्याला, मशीनची दोरी ओढायला लावली.
चौथ्या ओढीला पेटलं, खोकलं,
मग एका सुरात बसलं.
धूर लवकर विरला. प्रीतेशनं मान हलवली.

हसुराम सगळा वेळ होडीतच उभा,
मागच्या बाकापाशी, एक पाय पुढं,
लग्नात फोटोला थांबलेल्या माणसासारखा.
"पोराला दर्या नको," एवढंच म्हणाला,
"त्याला एसीची गारी हाय."

पंचावन्न सांगितले. मी चाळीस.
त्यानं खाडीकडं बघितलं,
भाव तिला विचारावा तसं.
अठ्ठेचाळीसवर आला नि तिथंच रुतला.
मी रुमालाची गाठ सोडून बाकावर मोजले
सेहेचाळीस.
याच्यापुढं एक रुपया नाय, काका.
एकवीरा आईची शपथ घेऊ?
"नको घेऊस," तो म्हणाला.
(पोलक्यात अजून दोन होते.)

सोसायटीत कागद झाला. नारळ फुटला.
दुपारी भरतीनं तिला हळूच चिखलातून उचललं,
आणि पाणी उलटलं तसे आम्ही निघालो.
"दिवाळ्यापर्यंत येतो," हसुराम म्हणाला, "वळणं दाखवतो."
वळणं मला पाठ होती.
ये म्हटलं.

सुकाणू माझ्या हातात, म्हणून तो पुढं बसला.
उठला, मध्ये बसला. पुन्हा उठला.
बेचाळीस वर्षांत स्वतःच्या होडीत
दुसरी जागा त्यानं कधी वापरलीच नव्हती.

करावे मागं पडलं. डाव्या हाताला कांदळवण,
त्यामागं काचांचे टॉवर, उन्हानं पेटलेले,
तेव्हा माझ्या तळव्याला गार लागलं.
मागच्या बाकाखाली, तळाच्या फळीवर
पाणी.
फार नाही. करंगळीएवढं, पण जिवंत.

मी त्याच्याकडं बघितलं.
त्यानं पाण्याकडं.
"टाच ठेव तिथं," तो म्हणाला.
"डावी. जरा दाबून. मंग नाय येत."

ठेवली.
फळीला खळगा पडला होता, गुळगुळीत,
त्याच्या टाचेच्या मापाचा.
माझी त्यात सैल बसली.

शिवी ओठांपर्यंत आली होती.
पण पोलक्यातले दोन हजार टोचायला लागले,
आणि फळी, राळ, कापूस, सुताराचा एक दिवस
मनात जुळवून बघितलं
तर आकडा तिथंच येऊन थांबला.
मी बोलले नाही. तोही नाही.
ऑइलचा कापलेला डबा घेऊन
न सांगता पाणी उपसत राहिला,
आता होडी त्याची नसूनही.

दिवाळ्याच्या धक्क्यावर उतरून त्यानं पायाचा चिखल झटकला.
होडीकडं वळून बघेल असं वाटलं मला.
तो रस्त्याकडं बघत होता,
रिक्षा, सिग्नल, पाट्या, बराच वेळ.
मग म्हणाला,
"बाय, सारसोळ्याला बस कंची जाते ग?"