उद्या साडेदहाला पेपर

दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत सव्वाबारा वाजलेत.
ऋजुता ओट्यावर चढून बसलीय,
पाय हलवत, माझी वही मलाच दिसू नये अशी धरून.
पुस्तक गुजरातीत, नोट्स माझ्या मराठीत,
आणि वर्गात सर बोलतात ते तिसरंच काहीतरी.
चव्वेचाळिसाव्या वर्षी तिन्ही एका डोक्यात मावेनात.

"अधिवास?"
जीव राहतो ती जागा.
"आणि हे काय लिहिलंयस, कोनाडा?"
अगं, तो शब्द मला कुठे सापडेना,
शब्दकोशात कोनाडा मिळाला, तोच उतरवला.
ती समजावते, मास्तरणीच्या थाटात:
अधिवास म्हणजे पत्ता,
आणि कोनाडा म्हणजे
त्या पत्त्यावर तो जीव करतो काय.

मी कढई पालथी घालते.
पत्ता आहे. बावीस वर्षांचा.
गॅसच्या बिलावर ह्यांच्या नावाने येतो.

"आई, पुढे."

पुढे ऊर्जेचा पिरॅमिड. हा मला येतो.
गवताला जे मिळालं त्यातलं दहा टक्के सशाला,
सशाचं दहा टक्के कोल्ह्याला,
बाकीचं उष्णता होऊन उडून जातं.
फॉर्म भरायला निघाले त्या दिवशी
काळा घोड्याच्या पुलावर स्कूटी बंद पडली होती.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर,
शेजारी एक चप्पल आणि दुधाच्या पिशव्या.
अर्धा तास मी किक मारतेय
आणि तिने पापणीसुद्धा हलवली नाही.
दहातल्या दहातलं दहा येतं तिच्या वाट्याला,
ती कशाला उगाच हलेल?
शहाणी आहे.
माझे आजचे नव्वद
मेडिकलच्या काउंटरवर आणि ह्या ओट्यापाशी उडाले,
उरलेल्या दहावर हा धडा चाललाय.

"सुपोषण."

शब्द किती चांगला, बघ.
बाळसं धरलेल्या मुलाला म्हणावं असा.
मी सहावीत असेन,
सूरसागरच्या काठाशी सकाळी मासे पांढरे तरंगत होते,
बाबांनी सदऱ्याचं टोक माझ्या नाकावर धरलं.
आदल्याच दिवशी मी त्यांना लाह्या टाकल्या होत्या.
कितीतरी वर्षं वाटायचं, माझ्यामुळेच.
आता कळतंय की सगळ्यांनीच काही ना काही टाकलं होतं,
नाल्याने, निर्माल्याने, साबणाच्या पाण्याने.
तळं उपाशी मेलं नव्हतं.

"हे नको लिहूस.
लिही, शैवाल वाढते, ऑक्सिजन घटतो. चार गुण."

बरं.

आतून हे खोकतात. दिवा बंद करा आता.
ऋजुता आवाज खाली आणते,
पानं उलटते, मला अवघड जाणारं शोधते.
ही मुलगी अशी कधी झाली?
हिच्या पाढ्यांच्या वेळी मी हातात लाटणं घेऊन उभी असायचे.

"शेवटचा. अनुक्रमण.
ओसाड खडक आहे. माती नाही, काहीच नाही.
तिथे सगळ्यात आधी कोण येतं?"

मला आठवत नाही.
म्हणजे आठवतंय, शब्द येत नाही,
न गुजराती, न सरांचा.
धडा दिसतोय: वर्षानुवर्षं ते खडकाला चिकटून राहतं,
कणाकणाने झिजवतं,
मग जरा धूळ, मग शेवाळ, मग कुठे गवताचं पातं.
पान दिसतंय, पानावरचा चहाचा डाग दिसतोय.

"आई? दोन गुण गेले."

थांब.

वरच्या फळीवरून गोड्या मसाल्याच्या सामानाचा डबा काढते.
दालचिनी बाजूला, नागकेशर बाजूला.
तळाशी हाताला लागतं ते,
करडं, काळपट, चुरगळलेल्या कागदासारखं.
तिच्या तळहातावर ठेवते.
हे. हे येतं आधी.

ती वास घेते, शिंकते, हसते.
"पण पेपरात लायकेन लिही हं."

लिहीन.
कंसात दगडफूल.