पाठमोरा

सकाळपासून मी गिलरॉयला फिरवते आहे
जागच्या जागी,
आरती संपल्यावर आपण फिरतो तसा.
धंदा कुलपांचा. वय एकसष्ट. उंची साडेतीन डोकी.

समोरून झाला: बटाट्याचं नाक,
उजव्या खिशात किल्ल्यांचा जुडगा.
पाऊण झाला.
मग नुसती बाजू. तिथे नाकाला एकदम भाव चढतो
आणि एकटा कान
सगळ्या डोक्याचा हिशेब मागतो.

निळ्या पेन्सिलीच्या आडव्या रेघा
पाचही गिलरॉयांतून आरपार जातात,
भुवई, हनुवटी, पट्टा, गुडघा.
"डोकं म्हणजे ताटली नव्हे," इशबेल म्हणते,
"कलिंगड समज. मागेही आहेच ते."
समोरून डावीकडे दिसणारा उजवा खिसा
पाठमोरा होताच उजवीकडे यायला हवा.
मी दोनदा चुकले.

खिडकीबाहेर डंडी धुक्यात.
टे नदीवरचा पूलही पाऊणच उरलाय.

पाठ काढायला कुणी वेळ देत नाही.
डोळे नाहीत, तोंड नाही, पाच मिनिटांचं काम.
मी नेमकी तिथेच रेंगाळले
आणि स्वेटरच्या गळ्यातून वर आलेलं
लेबल काढलं, नखाएवढं.
सकाळी निघताना
गिलरॉयच्या मागे उभं राहायला घरात कुणी नाही,
हे मलाही तेव्हाच कळलं.

इशबेलने पाहिलं. हसली. बराच वेळ पाहत राहिली.
मग बोटांवर गुणाकार:
सेकंदाला बारा चित्रं, पाठ दिसणार एकोणीस सेकंद.
"दोनशे अठ्ठावीस लेबलं. काढणार कोण?"
आमच्याकडे रेघ म्हणजे मजुरी.

खोडलं.
भुकटी फुंकली, ती चहात पडली.
पण दाबून काढायची माझी शाळेपासूनची खोड,
ती कशी खोडणार?
काचेखालचा दिवा लावला की
मानेपाशी एक चौकोन उजळतो,
रेघ नसलेला.
पाचव्या गिलरॉयखाली मी लिहिलं, "मागून",
आणि कागद इशबेलच्या टेबलावर ठेवला.

सहाला बसस्टॉपवर सगळे
माझ्याकडे पाठ करून उभे, बस येईल त्या दिशेला.
कॉलर, मफलर, कुणाचा केसांचा भोवरा.
मी उगाच
आपल्या मानेमागे हात नेला.
हातमोज्यातून काही कळलं नाही.