सातवं होल

समितीचं म्हणणं, सातवं होल लांबवू.
एकशे एकतीस यार्डांत कसली कसोटी?
हल्लीची पोरं चेंडू हवेत असतानाच
बॅग उचलून चालायला लागतात.

म्हणून आज यूअन गेडिस झेंड्यापाशी,
आणि मी मोजणीचं चाक ढकलत
भिंतीपलीकडे, मेंढ्यांच्या लेंड्यांत.
दोनशे चौदा.

तो काहीतरी ओरडला.
क्रेलच्या वाऱ्यानं ते मधेच गिळलं.
मी पुढे आले. वीस पावलं, आणखी चाळीस.
नुसता समुद्र.
जुन्या टीवर पोचले, तेव्हा कुठे कळलं:
"चहा आणलायस का?"

एक्याऐंशी वर्षांचा माणूस.
इथं पूर्वी आठ नंबरचं आयर्न काढायचा,
मग सहा, मग चार.
आता ड्रायव्हर, तरीही चेंडू
बंकरच्या काठाशी दम खातो.
त्याच्यापुरतं हे होल
कुणी न मोजता
दरवर्षी लांबतंच आहे.

वहीत मी लिहिलं:
समोरून वारा असताना
चहाचं विचारलेलं ऐकू येईल, इतकं.

मग ते खोडलं. समितीला आकडा लागतो.
एकशे एकतीस.

थर्मासमध्ये दोघांपुरता होता.